थालीपिठातलं शेवाळ

काकू शुद्ध शाकाहारी. तरी सहा आठवडे त्यांनी सुकटीसारखा वास मारणारं समुद्री शेवाळ थालीपिठात मळून खाल्लं, कारण मी सांगितलं होतं. आमच्या घरी सुकटीच्या वासाने भूक लागते. त्या श्वास रोखून गिळायच्या.

अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये माझं पीएचडीचं तिसरं वर्ष होतं. घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे. लॅबमध्ये स्तनात गाठी असलेल्या उंदरिणींच्या खाद्यात आम्ही शेवाळाची पूड मिसळायचो, दर आठवड्याला गाठी मोजायचो. काहींच्या जरा सावकाश वाढत होत्या. का, ते आम्हालाच ठाऊक नव्हतं.

काकू माझ्या नात्यातल्या नव्हेत, तिथेच मुलाकडे राहायच्या. दर रविवारी जेवायला बोलवायच्या, आल्यागेल्याला ‘ही आमची डॉक्टर’ म्हणून सांगायच्या. मी कधी दुरुस्त केलं नाही. त्यांना स्तनाचा कॅन्सर निघाला तेव्हा त्यांनी आधी मला विचारलं, ते तुमचं शेवाळ मी खाऊ का? उंदरांचं माणसाला लागू होईलच असं नाही, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण डॉक्टरला विचारलं होतं ना! खा, चांगलं असतं, म्हणाले आणि कोरियन दुकानातून पाकिटं आणून दिली. त्या थायरॉइडची गोळी घेतात हे मला माहीत होतं. शेवाळात आयोडीन ठासून असतं आणि त्याने थायरॉइड बिघडू शकतं, हेही.

ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीला मुलगा कामावर, म्हणून मी सोबत गेले. काकूंचं इंग्रजी दुकानापुरतं, बाकी माझ्यामार्फत. नर्सने विचारलं, औषधांखेरीज काही घेता? मी तो प्रश्न काकूंना मराठीत सांगितला.

‘ते शेवाळ सांग की गं,’ काकू म्हणाल्या.

नर्स माझ्याकडे बघत होती. कुणी दिलं, हे तिने पुढे विचारलंच असतं. मी भरभर इंग्रजीत म्हणाले, फक्त लिहून दिलेली औषधंच घेतात. शेवाळाचं सांगून झालं असं वाटून काकूंनी समाधानाने मान हलवली.

रिपोर्टमध्ये थायरॉइड पार बिघडलेलं निघालं. ऑपरेशन पुढे ढकललं. गोळी कधी चुकली असेल, म्हणून काकू स्वतःलाच बोल लावत राहिल्या. चार दिवस मी ते ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी क्लिनिकला फोन करून खरं सांगितलं, मग बस पकडून त्यांच्याकडे गेले.

त्या पीठच मळत होत्या. माझं ऐकून हात थांबले.

‘मी म्हणाले होते ना, सांग म्हणून?’

‘हो.’

त्यांनी परातीवर झाकण ठेवलं. ‘पुढच्या वेळी हॉस्पिटलचा दुभाषा मागते. तुला अभ्यास असतो.’

महिन्याभराने ऑपरेशन झालं, नीट झालं. रविवारी त्या अजून जेवायला बोलावतात, आग्रह करून वाढतात. कुणी नवीन आलं की माझ्याकडे हात करून म्हणतात, ‘ही इथे शिकते.’