युए-श्याने आपांना घरी आणलं

तुंगकांगच्या मासळी बाजारात माझ्या शेजारच्या गाळ्यावर युए-श्या सुका जवळा विकते. लग्न केलं नाही. आई लवकर गेली, धाकटा भाऊ ची-युआन तैपेईला नोकरीत रमला, आणि ही वडिलांजवळ राहिली. वडील, त्साई मु-शुई, बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे; लेकीसारखे आम्हीही त्यांना आपा, म्हणजे बाबा, म्हणायचो. पंच्याऐंशी उलटली तरी बंदरावर एखादं इंजिन खोकलं की घरात बसल्या बसल्या त्याचा रोग सांगायचे.

म्हाताऱ्याने कधी काही मागितलं नव्हतं. त्या हिवाळ्यात मात्र बर्फ पडताना बघायचा म्हणून हट्ट धरला.

"आपा, आपल्या बाजारात बर्फाच्या लाद्या पडल्यात, त्या बघा की," मी चिडवलं.

"तो मेलेल्या माशांचा. मला आभाळातला हवाय."

युए-श्या त्यांना घेऊन सहलीबरोबर जपानला, होक्काइदोला गेली. बर्फ पाहिला. आपांनी तो चाखलासुद्धा आणि म्हणाले, "मीठ कमी आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी गरम पाण्याच्या कुंडातून बाहेर येताना ते कोसळले. मेंदूत रक्तस्राव. सहलीची बस पुढच्या गावाला गेली आणि युए-श्या इस्पितळाच्या बाकावर एकटी उरली. तिथल्या भाषेतला एक शब्द तिला येत नव्हता.

आपा शुद्धीवर आले, बोलू लागले, तेव्हा तिला वाटलं, देव पावला. पण ते बोलत होते जपानी. त्यांच्या लहानपणी आमच्या बेटावर जपान्यांचं राज्य होतं, शाळेत तीच भाषा. पुढे पान्हे-स्क्रू यांची नावं सोडली तर त्यांनी ती कधी तोंडातून काढली नव्हती. आता तेवढीच शिल्लक राहिली होती. आमची बोली पार पुसली गेली होती.

नर्स त्यांच्याशी बोलायची, ते उत्तर द्यायचे, तिच्या हातून पेज खायचे. इस्पितळाने एक दुभाषी बाई बोलावली. युए-श्याने तिला विचारलं, "काय म्हणतायत?"

बाई जरा घुटमळली. "विचारतायत, ही बाई कोण? सारखी का रडते?"

डॉक्टर म्हणाले, इतक्यात हलवू नका. ची-युआनचा फोन आला. "ताई, राहू दे तिथेच. मी येतो. तिथे निदान त्यांचं बोलणं कुणाला कळतंय तरी."

"आणि तिथेच गेले म्हणजे? परक्या गावात, परक्या खाटेवर?"

"अगं, पण डॉक्टर…"

"तू तैपेईत बसून मला शिकवू नकोस! शेवटचा श्वास आपल्या घरात, पूर्वजांसमोर सोडायचा, हे त्यांनी मला शंभरदा सांगितलंय. तुला नाही सांगितलं. तू होतास कुठे?"

तिने फोन ठेवला आणि स्वतःच्या जबाबदारीवर सही केली.

विमानाच्या मागच्या खुर्च्या दुमडून स्ट्रेचर बसवलं, पडदा लावला. बरोबर एक जपानी नर्स दिली. वाटेत आपा ओरडायला लागले, पट्टे ओढायला लागले; नर्सने कानाशी काहीतरी पुटपुटलं की शांत व्हायचे. काओश्युंगच्या विमानतळावर अँब्युलन्स उभी होती. नर्स कमरेत वाकली आणि परत फिरली. आपांनी तिच्या दिशेने हात लांब केला, एकच वाक्य तीन-चारदा म्हणाले. ते काय होतं, हे सांगणारं तिथे कुणी उरलं नव्हतं.

घरी पुढच्या खोलीत, पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांसमोर त्यांची खाट मांडली. नातेवाईक जमले, उदबत्त्या लावल्या. पण शेवटचा श्वास काही येईना. पाहुणे जेवून-खाऊन आपापल्या घरी गेले. आपा दिवसभर काहीतरी विचारत राहायचे, आणि युए-श्या नुसती "हो आपा, हो" म्हणायची. ते संतापून तोंड भिंतीकडे वळवायचे.

शेवटी मी वरच्या आळीतल्या ख्वाय शिंप्याला टॅक्सीत घालून आणलं. नव्वदीचा, निम्मा बहिरा, पण आपांच्याच शाळेतला. तो कान आपांच्या तोंडाशी लावून बसला.

"म्हणतोय, मला घरी सोडा."

"अहो, हे घरच आहे त्यांचं! सांगा ना त्यांना, काका!" युए-श्याने त्याचा दंड धरला.

ख्वायने सांगितलं. आपांनी छताकडे पाहिलं, पाट्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हळूच काहीतरी बोलले.

ख्वायने टोपी काढून हातात घेतली. "म्हणतोय, खोटं बोलू नका."

त्यानंतर आपांनी तिच्या हातून घास घेतला नाही. ख्वायने भरवायला बघितलं, तर दोन चमचे घेतले आणि ओठ मिटले. मग ख्वायलाच ताप आला, तो पुन्हा आलाच नाही. जवळ्याचा हंगाम संपता संपता आपा गेले. मयतीला जो तो म्हणाला, भाग्यवान माणूस, लेकीने घरी आणलं, स्वतःच्या छपराखाली गेला. ची-युआन डोकं खाली घालून उभा होता.

परवा जवळा निवडताना मी तिला म्हटलं, "युए-श्या, तू काय वाईट केलंस? कुठल्याही लेकीने हेच केलं असतं."

"केलं असतं ना," ती म्हणाली. "म्हणून त्यांना भीती काही कमी वाटली असेल का?"