प्रिय चंद्री

"गाईचं नाव काय म्हनलात?" फोन उचलला की भाऊंचा पहिला प्रश्न हाच. माणसाचं नाव, गाव, तक्रार, सगळं नंतर.

श्रीरामपुरातल्या आमच्या पशुखाद्याच्या कंपनीत ग्राहकांचा मोबाईल भाऊ सांभाळायचे. आधी टेम्पोला भोंगा बांधून गावोगाव पुकारत फिरलेले, त्यामुळे फोनवरही आवाज असा की पलीकडच्या गोठ्यातल्या गाईनं कान टवकारावेत. मी आले ती सोशल मीडिया बघायला. माझी पोस्टरं ते चष्मा कपाळावर सरकवून बघायचे. "झ्याक हाय ताई. पन ही गाय हसती कशापाई? आपल्याकडची कुठली हसत न्हाई."

असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल बघा. आपण त्याच्यावर वैतागतो, आणि तो एक दिवस आला नाही की दहा वेळा दाराकडे बघतो.

दिवाळीच्या तोंडावर साहेबांनी सगळ्या ग्राहकांना ऑफर कळवायला सांगितली. आता एकेकाला कोण लिहीत बसणार? भाऊंच्या मोबाईलमधली ग्राहकांची सगळी यादी मी सिस्टीममध्ये घातली. ज्याचं त्याचं नाव मेसेजच्या सुरुवातीला आपोआप पडणार होतं.

"ताई, यादी येकदा नजरंखालून घाला," भाऊ म्हणाले.

"अहो, कॉम्प्युटर करतो सगळं!" मी म्हणाले आणि बटण दाबलं. मोठी शहाणी ना मी!

भाऊंनी सगळे नंबर साठवले होते गाईंच्या नावानं. घरोघरी मेसेज गेले. 'प्रिय चंद्री, खास तुमच्यासाठी.' 'प्रिय कपिली, तुमचा विश्वास हीच आमची ताकद.'

उत्तरं यायला लागली. सोनईहून एकानं कळवलं, 'चंद्री रवंथ करती हाय, मंग सांगती.' आम्ही पोट धरधरून हसलो. मग एका बाईंचा मेसेज आला, 'हरणी परवाच गेली हो. कशाला आठवण काढता?'

भाऊंनी लगेच त्यांना फोन लावला. अर्धा तास नुसतं "व्हय माय, व्हय माय" चाललं होतं. फोन ठेवला तेव्हा डोळे पुसत होते.

साहेब मात्र भडकले. "ही नावं कोणी भरली?"

"म्या भरली, साहेब."

यादी न बघता मेसेज मी पाठवला, हे भाऊंनी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. नोकरी नवी होती. साहेबांनी भाऊंकडचा मोबाईल काढून माझ्याकडे दिला आणि त्यांना गोदामात बसवलं. मोबाईल देताना भाऊ एवढंच म्हणाले, "कुनी रडाय लागलं तर मदीच फोन ठिवू नका, ताई."

गोदामात त्यांना कुणाचा फोन येत नव्हता. थोड्याच महिन्यांत काम सोडून ते गावी गेले, आणि यंदाच्या उन्हाळ्यात वारले. जाऊन माफी मागायची होती. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहूनच गेलं.

यादीतलं एकही नाव मी बदललेलं नाही. आता मीही आधी गाईचं नाव विचारते.

परवा माझा फोन सापडेना, म्हणून कंपनीच्या मोबाईलवरून माझा नंबर फिरवला. तसं करायची वेळ आधी कधी आलीच नव्हती. नंबर पुरता दाबला आणि त्यावर भाऊंनी साठवलेलं नाव आलं: 'ताई. गाय न्हाई, पन लई गुनाची.'

खणात माझा फोन वाजत होता. मला हात पुढे करून तो उचलवेना.