अकराव्या खांडीचा फोटो

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही, आणि मी गेलो असं म्हणायलाही अजून एक परीक्षा बाकी आहे. संगणकाविषयी लिहिणाऱ्याला निदान संगणक येत असावा, अशी वाचणाऱ्याची अपेक्षा असणार. मला तो किती येतो ते पुढे दिसेलच. तरी लिहितो, कारण या विषयावर आजवर ज्यांना सगळं येतं त्यांनीच लिहिलंय, आणि त्यांचं वाचूनच माझी ही गत झाली.

आमचं गाव पेणच्या खाडीकाठी. एका बाजूला खाडी, एका बाजूला भातशेती, मध्ये मातीचा बांध. श्रावणातल्या उधाणाला हा बांध अकरा ठिकाणी फुटला. फुटलेल्या जागेला आमच्याकडे खांड म्हणतात. खारं पाणी शेतात शिरलं आणि भात करपला. गावानं अर्ज केला तेव्हा पेणच्या सरकारी कार्यालयातून सांगितलं गेलं की प्रत्येक खांडीचे फोटो हवेत, प्रत्येकीचं वेगळं फोल्डर हवं, सगळं पेन ड्राइव्हमध्ये घालून द्या. ज्या खांडीचे फोटो असतील तीच पक्क्या बांधकामाच्या यादीत जाईल.

माझे चुलते गावच्या बांध कमिटीचे पुढारी. त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली.

"आपल्या घरात कंप्युटरवाला हाय. रोह्याच्या कॉलेजात हाय. दुसऱ्याच्या दारात कशाला जायाचा?"

मी दोन दिवस ओहोटीच्या वेळी कमरेएवढ्या पाण्यात फिरलो आणि अकराही खांडींचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले. अकरावी शेवटच्या टोकाला, सगळ्यात लहान. पण तिच्या तोंडाशी आमचंच शेत आहे.

गाव काही कार्यालयासाठी थांबणारं नव्हतं. माझे फोटो झाल्याबरोबर माणसं चिखल, पेंढा आणि बांबू घेऊन बांधावर उतरली आणि चार दिवसांत सगळ्या खांडी तात्पुरत्या बुजवल्या. आता फुटलेला बांध दाखवायचा तर तो माझ्या फोटोंतच होता.

फोनमध्ये जागा उरली नाही, म्हणून मी फोटो लॅपटॉपवर हलवले. कॉपी केले नाहीत, हलवले. अकरा फोल्डर केली, गावानं आणून दिलेल्या पेन ड्राइव्हमध्येही एक प्रत टाकली, आणि लॅपटॉप घेऊन रोह्याला मावशीकडे आलो. सोमवारी पेण गाठून सगळं जमा करायचं होतं. तोवर फोटोंची यादी तेवढी टाइप करायची राहिली होती. लॅपटॉप जुना, धाटावच्या कंपनीतल्या एका साहेबानं काकांना, म्हणजे मावशीच्या नवऱ्याला, देऊन टाकलेला. यादीच्या दर चार ओळींनंतर तो गप्प बसायचा.

इथे आमच्या कॉलेजातले एक सीनियर येतात. त्यांना सगळे दादा म्हणत, मीही म्हणायचो. घरात दोन पिढ्या शिक्षक, घर उंचावर, पुस्तकांची कपाटं. मुक्त सॉफ्टवेअर हा त्यांचा धर्म होता, आणि मी त्यांना आयता सापडलेला पापी.

"अजून विंडोज वापरतोस? अरे, गुलामगिरी आहे ही. लिनक्स टाक. फुकट आहे, स्वतंत्र आहे, वीस मिनिटांत होतं."

"दादा, त्यात माझे फोटो आहेत."

"फोटोंना काय होतंय? तीन स्टेप आहेत. लहान मूलसुद्धा करेल."

ते लहान मूल मला अजून भेटलेलं नाही. भेटलं तर त्याचे पाय धरीन. खरं सांगायचं तर लॅपटॉपपेक्षा मला त्या लोकांत बसायची हौस जास्त होती. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाइप करणारे ते चौघे-पाच जण कॅन्टीनमध्ये एका कोपऱ्यात बसत आणि बाकीच्यांकडे दयेनं बघत. त्या दयेच्या दुसऱ्या बाजूला जावं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा.

पहिली स्टेप म्हणजे लिनक्स उतरवून घ्यायला रिकामा पेन ड्राइव्ह. माझ्याकडे एकच होता, गावाचा. त्यातली माहिती पुसली जाईल अशी सूचना आली. मी विचार केला, फोटो लॅपटॉपवर आहेतच. ओके दाबलं.

दुसऱ्या स्टेपला पडद्यावर प्रश्न आला की डिस्क पुसून लिनक्स टाकायचं का. मी फोन लावला.

"दादा, डिस्क पुसू का विचारतंय."

"जे आधीच निवडलंय तेच राहू दे. नेक्स्ट, नेक्स्ट करत जा. एवढं विचारत बसलास तर आयुष्यभर विंडोजच वापरशील."

माझ्या समजुतीप्रमाणे डिस्क म्हणजे सी ड्राइव्ह, जिच्यात विंडोज असतं. फोटो मी डी मध्ये ठेवले होते. दोन वेगळ्या खोल्या. एक झाडली म्हणून दुसरीतलं सामान कशाला जाईल? सी आणि डी या एकाच डिस्कवर आखलेल्या रेषा असतात, हे मला दोन वर्षांत कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर मी ते फक्त परीक्षेपुरतं ऐकलं असेल.

वीस मिनिटांत झालं. एवढं मात्र दादा खरं बोलले.

पुढचा अख्खा दिवस मी काय केलं, ते लिहायला लाज वाटते. मी अपडेट घेतले. जवळजवळ दोन तास. मग खिडक्यांचे रंग बदलले, आयकॉन बदलले, पडद्यावर बर्फाचा डोंगर लावला. खाडीकाठच्या माणसाला बर्फाचं काय अप्रूप, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी यादीसाठी डी ड्राइव्ह शोधायला गेलो तेव्हा डी नावाचं तिथे काहीच नव्हतं.

मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय रे, चेहरा का असा? जेवण नको काय?"

"फोटो गेले."

"कुठे?"

या प्रश्नाला संगणकशास्त्रात उत्तर आहे, पण मावशीला देण्यासारखं नाही.

इंटरनेटवर जाणकारांच्या सभा भरतात, तिथे मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. पहिल्यानं लिहिलं, बॅकअप का घेतला नाहीस? दुसऱ्यानं लिहिलं, हा प्रश्न आधी विचारला गेलाय, शोध. तिसऱ्यानं मी घेतलेलं लिनक्स कसं हलक्या दर्जाचं आहे आणि त्याचं कसं उत्तम, ते सविस्तर सांगितलं. बुडणाऱ्याला पोहण्याच्या पद्धतींची तुलना ऐकवणारे हे लोक फुकट काम करतात, याबद्दल त्यांचे आभार मानायची पद्धत आहे. मी मानले. चौथ्यानं मात्र कामाचं लिहिलं. पुसलेल्या डिस्कवरून फोटो उकरून काढणारा एक प्रोग्राम आहे, पण त्यानंतर डिस्कवर नवं काही लिहिलं असेल तर तेवढा भाग गेला. मला माझे दोन तासांचे अपडेट आठवले, आणि बर्फाचा डोंगरही.

त्या प्रोग्रामनं दिवसभर उकरून शंभराच्या वर फोटो काढून दिले. नावं नाहीत, फोल्डर नाहीत, नुसते आकडे. उघडले तर सगळीकडे तपकिरी पाणी आणि चिखलाची कड. कुठली खांड कुठली, मला एकही ओळखता येईना. ते ओळखणारी माणसं गावात होती. सोमवार चार दिवसांवर आला होता.

दादांकडे याचंही उत्तर होतं. "शेअर्ड फोल्डर कर. एका नेटवर्कवर सगळ्यांना दिसेल. व्हॉट्सॲपवर टाकू नकोस हं, आपला डेटा परक्या कंपनीच्या हातात जातो." हा सल्ला त्यांनी मला व्हॉट्सॲपवरच दिला.

मी मावशीच्या घरी फोल्डर शेअर करून पाहिलं. लॅपटॉपवर फोल्डर दिसे, मावशीच्या फोनवर त्याचं नावही दिसे, उघडायला गेलं की पासवर्ड मागे. माझा दिला, तो नाकारला. दुसरा बनवला, तोही नाकारला. शेवटी दार उघडलं आणि आत लिहून आलं की तुम्हाला परवानगी नाही. फोटो मी काढलेले, फोल्डर मी केलेलं, आणि परवानगी नाही. स्वातंत्र्य स्वातंत्र्य म्हणतात ते हेच असावं. काका शिफ्टवरून आले होते, पलीकडे आडवे झाले होते. ते डोळे न उघडता म्हणाले, "आमच्या गेटवरचा वॉचमन बरा. तो निदान तोंड बघून सोडतो."

मग मी गुपचूप सगळे फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले आणि लिहिलं, कृपया कुठली खांड ते सांगा. संध्याकाळपर्यंत एकवीस अंगठे आणि नऊ जोडलेले हात आले. एकानं शुभ संध्याकाळ लिहिलं. खांडीचा आकडा कुणीही लिहिला नाही.

शनिवारी लॅपटॉप पिशवीत घालून गावाला गेलो. चुलत्यांच्या ओटीवर माणसं जमली. काय झालं ते मी खरं सांगितलं.

"कॉलेजात हाच शिकवतात काय रं? पुसायला?" एक जण म्हणाला.

"पुसायचाच होता तर आमच्याकडं यायचा, घरातली जमीन पुसायची हाय," दुसऱ्या घरची वहिनी म्हणाली, आणि सगळे हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार?

मी पहिला फोटो लावला.

"हा काय गो, सगळा चहाच दिसतोय," काकी, म्हणजे चुलत्यांची बायको, म्हणाली. मग पुढे सरकली, डोळे बारीक केले. "थांब. मागं बसका तिवर हाय ना? ती पाचवी."

"पाचवी कशी? पाचवीला उघाडीचा फळकुट दिसला पाहिजे," एका गड्यानं हरकत घेतली.

"उघाडी या अंगाला नाय, त्या अंगाला. तू कवा गेलास बांधावर? तुझी बायकोच जाते."

उघाडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार. त्यावरून, तिवरांच्या झाडांवरून, कुणी टाकून दिलेल्या निळ्या पिंपावरून, चिखलातल्या चिंबोऱ्यांच्या बिळांवरून ओटीवर जमलेल्या बायकांनी दुपारपर्यंत फोटो वाटून टाकले. एकीनं तर नुसत्या पाण्याच्या वळणावरून तिसरी खांड सांगितली, आणि ताडून पाहिली तर बरोबर निघाली. मी फक्त त्यांनी सांगितलेले आकडे टाइप करत होतो. फोटोच्या पोटात तो काढल्याची वेळ लिहिलेली असते आणि तिच्यावरून सगळा क्रम लागला असता, हे मला फार नंतर कळलं. दादांनाही ते सुचलं नव्हतं. स्वातंत्र्याच्या गडबडीत राहून गेलं असेल.

दहा फोल्डर भरली. अकरावं रिकामं राहिलं. पुन्हा पहिल्यापासून सगळे फोटो लावले. आमच्या खांडीचा एकही नव्हता.

चुलते म्हणाले, "एवढा काय विचार करतोस? सातवीचे धा-बारा हायेत. त्यातले दोन उचल, अकरावीत टाक. सायेब काय पाण्याची चव घेणार हाय?"

ज्यांचं शेत सातव्या खांडीला लागून आहे तेही तिथेच बसले होते. ते म्हणाले, "टाक रं. आमची काय हरकत नाय."

मी वडिलांकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून बसले होते.

"बाबा, टाकू का?"

"फोटो तू काढलेस. तू बघ."

मी नाही टाकले. याला कुणी प्रामाणिकपणा म्हणू नये. पंधरा दिवसांत मी जे जे हातात घेतलं ते पुसून टाकलं होतं, आणि आता एक खोटं नीट सांभाळण्याइतकी अक्कल माझ्यात आहे, यावर माझा स्वतःचाच विश्वास नव्हता. शिवाय बाबा "टाक" म्हणाले नव्हते. मी अकराव्या फोल्डरमध्ये एक अर्ज ठेवला. या खांडीचे फोटो होते, माझ्या चुकीमुळे नष्ट झाले, खांड गावानं बुजवली आहे, जागेवर येऊन पाहावी, ही विनंती. खाली सही, कॉलेजचं नाव, वर्ग. चुलते वाचून म्हणाले, "मराठी चांगला लिवतोस." त्यांच्या आवाजावरून ती स्तुती नव्हती, हे लहान मुलालासुद्धा कळलं असतं.

सगळी फोल्डर पुन्हा गावाच्या पेन ड्राइव्हमध्ये भरली आणि सोमवारी पेणला जाऊन तो दिला. टेबलापलीकडच्या माणसानं तो एका पाकिटात टाकला, पाकिटावर गावाचं नाव लिहिलं आणि पोच दिली. अकराव्या फोल्डरबद्दल मी तोंडी सांगायला लागलो, तर तो म्हणाला, "सगळं आत आहे ना? मग झालं."

त्यानंतर महिने गेले. दादा पुण्याला नोकरीला लागले. कंपनी त्यांना विंडोजचा लॅपटॉप देते, असं ऐकतो. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स अजून आहे आणि आता बरं चालतं, हेही सांगितलं पाहिजे. शेअर्ड फोल्डरही जमलं. परवानगी कुठे द्यायची असते ते कळलं. एका ओळीचं काम होतं. कॉलेजच्या लॅबमध्ये नवी मुलं मला विचारायला येतात. वीस मिनिटांचं काम आहे, असं मी त्यांना सांगत नाही. तुमचं काय काय आत आहे, एवढंच विचारतो, आणि त्यांना ते कंटाळवाणं वाटतं.

होळीनंतरच्या आठवड्यात लॅबमध्ये असताना बाबांचा फोन आला. ते सहसा फोन करत नाहीत. मी बाहेर व्हरांड्यात आलो.

"यादी लागली," ते म्हणाले. "तुझे चुलते बघून आले."

"मग?"

"धा खांडी मंजूर. दगडी काम होणार हाय, पावसाच्या आधी."

त्यांच्या मागे कुणीतरी पाण्याचा पंप चालू केल्याचा आवाज येत होता.

"आपली नाय," बाबा म्हणाले. "फोटो नाय म्हणून. सायेब बघायला पन आला नाय. परीक्षा झाली की ये. पेंढा आनि बांबू आनून ठेवतो. दोघा मिळून बांधू."

"व्हय," मी म्हणालो.

"बाकी सगळ्यांची झाली," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.