द्राक्षांची अढी

हसणार नसाल तर सांगतो. बावीस वर्षं नाशकात नववी-दहावीला विज्ञान शिकवतोय, आणि माझी अक्कल निघाली ती पाच किलो द्राक्षांपायी!

झालं काय, आमच्या मधुरानं स्वतःच मुलगा पसंत केला. मुलाचे वडील, अण्णा, दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार. रविवारी घरी येऊन ते काय तो होकार-नकार देणार होते. पोरीला घास गोड लागत नव्हता.

त्यांच्यासाठी मी बुधवारीच द्राक्षांची पेटी आणली. बायकोनं एक मणी तोंडात टाकला आणि डोळेच मिटले. इतकी आंबट! टाकून द्या म्हणाली. मी कसला ऐकतोय? आम्ही इगतपुरीकडची माणसं, भाताच्या पेंढ्यात आंब्यांची अढी घालत मोठे झालो. द्राक्षं तांदळाच्या डब्यात पुरली, सोबत सहा पिकली केळी. केळ्यांतून वायू सुटतो, त्यानं फळातली विकरं जागी होतात, ती पेशींच्या भिंती सैल करतात, फळ मऊ पडतं. धडा तोंडपाठ आहे हो मला!

शुक्रवारी मणी दाबला. मऊ! चाखला. आंबट! म्हणजे? भिंती पडल्या, मग साखर अडली कुठं? आणखी सहा केळी पुरली. शनिवारी मणी बोटानं फुटायला लागले, तांदूळ चिकट झाले, आणि चव तीच. माझं डोकंच चालेना. शेवटी ठरवलं, दोष माझ्या जिभेचाच असणार.

रविवारी अण्णांपुढे बशी गेली. त्यांनी एक मणी खाल्ला आणि बशी हळूच बाजूला सारली. मधुराचा चेहरा उतरला. मी घाबरून केळी, तांदूळ, भिंती, सगळं सांगून टाकलं.

"सर," अण्णा शांतपणे म्हणाले, "आंबा उतरवल्यावर पिकतो. द्राक्षाचं तसं नाय. घड तोडला का त्याचं गोड व्हायचं थांबलं. तुम्ही निस्त्या भिंती पाडल्या, आत साखर होतीच कुठं?"

दिंडोरीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं म्हणे. मी कसंबसं विचारलं, "मग लग्नाचं?"

"पोरगी पसंत हाय. एकच अट." मी खुर्ची पुढे ओढली. "नातवंडांना सायन्स तुम्ही शिकवायचं नाय."

मी तोंड उघडायच्या आत मधुरा आणि तिची आई एकदमच म्हणाल्या, "मान्य!"