उद्या काय?

आमची आक्का रोज दिवेलागणीला एकच प्रश्न विचारायची, "उद्या काय?" बराबर उत्तर मिळाल्याशिवाय ती ताटावर बसायची नाही. आई सांगायची, "उद्या शुक्रवार. सकाळी मिरची तोडायची. दुपारी वांग्याची भाजी. पाव्हणं कुणी न्हाई." आक्का ते सगळं पुन्हा एकदा स्वतःशी म्हणायची आणि मगच घास तोडायची. गल्लीनं तिचं नावच 'उद्या-काय' पाडलं होतं. माझी थोरली बहीण, पण लहानपणी मीही चिडवायचो. लाज वाटते आता.

ठरल्यासारखा दिवस गेला, तर आक्कासारखं कामाचं माणूस पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात नव्हतं. मिरचीची सरी धरली की शेवटच्या झाडापर्यंत सोडायची नाही. पण न सांगता पाहुणा दारात उभा राहिला, की ती गोठ्यामागं जाऊन, कानांवर हात दाबून डुलत राहायची. फारच झालं तर डोकं आपटायची. आईनं सगळ्या सोयऱ्यांना बजावलं होतं, "यायचं आसंल तर आधी सांगा. न्हाईतर येऊ नका." सोयरे रुसले. आई म्हणायची, "रुसू द्या. तेंच्या रुसण्यानं माझ्या लेकीचं डोकं फुटत न्हाई."

लाइटीचं तर विचारूच नका! सकाळी नऊला जाणारी लाइट नऊ वाजून गेले तरी गेली नाही, की आक्काच्या येरझाऱ्या सुरू. शेवटी स्वतःच मेन बटण पाडायची आणि म्हणायची, "गेली. बराबर." पंखा बंद, आम्ही घामानं निथळत बोंबलतोय आणि ही निवांत.

'ऑटिझम' हा शब्द आमच्या घरात आला तेव्हा तिची चाळिशी उलटली होती. जालन्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काही बदल होणार असेल तर यांना आधी सांगत चला." आई हसली. "मंग मी येवढी वर्सं काय करून राह्यले, बाई?"

गेल्या उन्हाळ्यात आई जालन्याला दवाखान्यात गेली, ती गेलीच. दुपारी थोरल्या भावाचा फोन आला. तिला दुसऱ्या दिवशी सकाळी आणणार होते. आमच्याकडं मरणाची बातमी सरळ कुणी सांगत नाही. 'तब्येत जास्त हाय, निघा' म्हणायचं. पुढचं माणसाला दारात आल्यावर कळतं. मी अंगणात काकांना म्हणालो, "आक्काला सांगावं लागंल." आत आक्का ज्वारी निवडत होती. काका खेकसले, "येडा झाला का? तिला आवरायचं कुणी? आल्यावर कळंल."

मी ऐकलं त्यांचं. दिवेलागणीला आक्कानं विचारलं, "उद्या काय?" तिच्याकडं न बघता मी म्हणालो, "उद्या सकाळी आई येती. बरी हाय."

सकाळी तिनं आईची खाट धुतली, चादर अंथरली, अंघोळीला पाणी तापवलं. अॅम्ब्युलन्स आली ती सायरन वाजवत, मागं पन्नास माणसं आणि हंबरडे. आक्का कान दाबून भिंतीला चिकटली. बायका तिचे हात ओढून काढत होत्या, "रड गं माय, रड, मोकळी हो!" तिनं भिंतीवर कपाळ आपटलं, रक्त आलं, तेव्हा कुठं त्यांनी सोडलं. मी तिथंच उभा होतो. ती मला एवढंच म्हणाली, "तू आधी सांगितलं न्हाई."

त्या दिवसापासून तिनं विचारणं सोडलं. आता मीच रोज दिवेलागणीला उंबऱ्यावर बसून सांगतो, उद्या वार कोणता, भाजी कोणती, कोण येणार. त्यानंतर एक शब्द खोटा बोललो नाही. ती खाली मान घालून मिरचीचे देठ खुडत राहते. ताट बऱ्याचदा तसंच राहतं. हाडं दिसायला लागलीत तिची.

परवा म्हणालो, "आक्का, उद्या मी जालन्याला जातो. चारच्या गाडीनं माघारी येतो, बिलकुल बराबर."

तिनं मान वर केली. कितीतरी महिन्यांनी माझ्याकडं बघितलं.

"आल्यावर कळंल," ती म्हणाली.