भालचंद्र मास्तरांची तलवार

आगाशीच्या बाजारात माझं लोहाराचं दुकान. कोयते, विळे, पहारी, केळीच्या बागांना लागेल ते सगळं. बापानेही हेच केलं. लोखंड कसं ओळखायचं हे मला कुणी शिकवायला येऊ नये, एवढा माज मला होता आणि तो मी लपवतही नव्हतो.

भालचंद्र मास्तर गावातले निवृत्त शिक्षक. घराणं बागायतदाराचं, पण बागेत ते कधी रमले नाहीत. शाळेत त्यांनीच मला पाढे शिकवले, चुकलो की कान पिळला. त्यांच्या देवघरात एक तलवार होती. वसईच्या लढाईत पूर्वजांनी ती चालवली, असं घरात सांगत. दसऱ्याला गाव शिलंगणाला निघायचं ते मास्तर तलवार घेऊन पुढे झाल्यावरच. आपट्याला पहिलं पातं त्यांचं लागायचं. फांद्या मग माझ्या कोयत्यानेच तोडत, ते सोडा. एरवी बायकोसमोरही आवाज न चढवणारा हा माणूस त्या दिवशी वीतभर उंच दिसायचा. परतताना माझ्या दुकानाशी थांबून, मी ख्रिस्ती असलो तरी, आपट्याचं पहिलं सोनं माझ्या हातावर ठेवायचा. हत्यार घडवणाऱ्याचा मान आधी, म्हणायचा.

सत्तर साली मूठ हलायला लागली म्हणून त्यांनी तलवार माझ्याकडे आणली. दोन दिवस ती दुकानात होती. मूठ काढली आणि पातं उजेडात नेलं. जुन्या तलवारीचं पातं मुठीत लाखेने बसवलेलं असतं. इथे पात्याच्या शेपटाला सळई जोडलेली, तिच्यावर आटे पाडलेले आणि वर कारखान्यातला नट. पातं मुठीपासून टोकापर्यंत एकाच जाडीचं, धारेच्या दगडावर कधी न गेलेलं. मुलामा एका जागी सुटला होता, खाली साधं मऊ लोखंड. लग्नात नवरदेवाच्या हाती देतात तसली शोभेची वस्तू. कुणी, कधी आणून ठेवली, देव जाणे. मी नट आवळला, पातं पुसलं आणि मास्तरांना सांगितलं की आता हलणार नाही. देवघरातल्या वस्तूला नावं ठेवू नयेत, असं आमच्याकडचे सगळेच कारागीर मानतात. मीही मानलं. मूर्ख कुठला.

शहात्तर साली कुणीतरी निनावी अर्ज केला की मास्तरांच्या घरी बिनपरवाना हत्यार आहे. दसरा आठवड्यावर आलेला. हवालदार मास्तरांना तलवारीसकट चौकीवर घेऊन गेला. मास्तर तिथे छाती काढून सांगत होते, तलवार अस्सल आहे. जितकं सांगत तितके जास्त अडकत होते. त्यांची बायको, मथुरावहिनी, धावत माझ्याकडे आल्या. हवालदारालाही लोखंड कळणारा माणूस हवाच होता.

मी काय करणार होतो? अस्सल म्हणालो तर म्हातारा वसईच्या कोर्टात उभा राहणार. जे होतं ते सांगितलं. नट काढून दाखवला. पातं गुडघ्यावर वाकवलं. चांगलं पोलाद सोडलं की उसळून सरळ होतं, हे वाकडंच राहिलं. हवालदार हसला. त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली मला.

मास्तरांनी पात्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सहा वर्षांपूर्वी ती दोन दिवस तुझ्याकडे होती," ते हळू आवाजात म्हणाले. "माझी तलवार कुठे आहे, बॅप्टिस्ट?"

मला तेव्हाच कळलं होतं, मी फक्त बोललो नाही, असं मी परोपरीने सांगितलं. तेव्हा का बोलला नाहीस, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण त्या खोलीत ते मलाच पटेना. हवालदाराने विचारलं, तक्रार लिहायची का. मास्तर म्हणाले, नको, माझा विद्यार्थी आहे. त्यापेक्षा तक्रार परवडली असती. त्यांना सोडलं. ती वाकडी वस्तू त्यांनी तिथेच टेबलावर राहू दिली.

त्या दसऱ्याला मास्तर शिलंगणाला गेले नाहीत. संध्याकाळी रिकाम्या हाताने दुकानाशी आले आणि आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाले, "यंदा देतोस?"

पुढे दर दसऱ्याला हेच. रागाने नाही, शेजाऱ्याने नेलेली शिडी परत मागावी तसं. मी क्रुसाची शपथ घेतली. ते म्हणाले, शपथ कशाला, देऊन टाक. एका वर्षी मी त्यांच्यावर ओरडलो. ते आल्या पावली परत गेले आणि मलाच रडू फुटलं. माझी बायको रेजिना म्हणाली, तशी एक घडवून दे, सुटशील. पोलाद होतं, हातात कसब होतं. पण दिली की चोरी कबूल केल्यासारखंच. भट्टी पेटवली आणि तशीच विझवली.

चौऱ्याऐंशीत मास्तर गेले. तेराव्यानंतर मथुरावहिनी दुकानात आल्या. बसा म्हटलं तरी उभ्याच राहिल्या.

"भाऊ, शेवटच्या दिवशी सारखं विचारत होते, बॅप्टिस्टने दिली का. मी सांगितलं, दिली. देवघरात ठेवली आहे." त्यांनी पदर तोंडाला लावला. "तुमच्यावर आळ आणला मी. चुकलं का माझं?"

नाही, म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मग न राहवून विचारलं, ते काही बोलले का.

"बोलले ना," त्या म्हणाल्या. "म्हणाले, त्याला सांग, मी गावात कुणाला कळू दिलं नाही."