मध्यंतरानंतरची मुलगी

साल दोन हजार तेवीस, मी एकाहत्तर वर्षांचा. कोरमंगलातल्या लहानशा नाट्यगृहात दारावर तिकिटं बघायचो. एका कॉलेजच्या मराठी पोरीला तिकीट परवडायचं नाही. मध्यंतरात कुणाचा तरी रिकामा चहाचा कप हातात धरून ती प्रेक्षकांबरोबर आत शिरायची. मी मुद्दाम दुसरीकडे बघायचो.

एकदा ती सुरुवातीलाच आली.

"अण्णा, शिक्षण सुटलं, उद्या गावी चाललेय. एक तरी नाटक पहिल्यापासून बघू द्या. मला सगळ्यांचे शेवटच ठाऊक आहेत."

"तिकीट दाखव." सुरुवातीला तिकिटाशिवाय कुणालाच सोडायचं नाही, हा माझा नियम.

"सरी अण्णा," असं कानडीत 'बरं' म्हणत ती पायरीवर बसली.

मध्यंतरात बघतो तर पायरी रिकामी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझं बसायचं स्टूल उचललं आणि आत, शेवटच्या रांगेमागं नेऊन ठेवलं; पुन्हा कुणी तिकिटाशिवाय सुरुवातीला आलं तर बसायला.